हाड धरलेली सळी
गरम राखेवर दूध सांडलं, की बायकोची राख सावडली ती सकाळ आठवते. म्हसा गावच्या जत्रेत पडून तिचा खुबा मोडला, तेव्हा डॉक्टर म्हणाला होता, "बाबा, खुब्यात घालायच्या या सळीवर खरबरीत लेप आहे. त्याला धरून हाडाच्या पेशी वाढतील." पेशी मला कळल्या नाय, पण ती पुढं कैक वर्षं चालली. राखेत तीच सळी निघाली, हाड घट्ट धरलेली. माझा थोरला भाऊ ओरडला, "लोखंड नदीत नको रे!" मेव्हणी रडत म्हणाली, "दाजी, हाड तर तायचंच ना?" ओढलं तर सुटेना. फोडायला दगड उचलला, पण हात चालेना. मग तसंच काळू नदीत सोडलं. अजून कळत नाय, तिला पार पोचवली का ओझं बांधून बुडवली.