एकशे बारा रिकामी घरं

तिला सगळे शाईताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तो पट सांभाळणारा कारकूनसुद्धा हाक मारायची वेळ आली की "शाईताई" असंच ओरडायचा. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पडलेला काळा डाग साबणाने जात नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो जावा म्हणून तिनं कधी फारसा प्रयत्नही केला नव्हता.

वाद्यवृंदाच्या सभागृहामागे, जिन्याखालच्या बसक्या खोलीत तिचं टेबल होतं. रचना करणारा माणूस सगळ्या वाद्यांचे स्वर एकाखाली एक लिहून जाडजूड बाड आणून द्यायचा. पण वाजवणाऱ्यानं ते अख्खं बाड समोर ठेवून करायचं काय? त्याला त्याच्यापुरती पानं हवीत. ती प्रत्येकासाठी वेगळी उतरवून द्यायची, हे शाईताईचं काम. चाळीस वादक, चाळीस गठ्ठे. वडील हेच करत. त्यांची नजर अधू झाली तेव्हा एकोणिसाव्या वर्षी ती त्यांच्या खुर्चीत बसली, आणि बसल्या बसल्या तिशी कधी उलटली ते कळलंही नाही.

त्या वर्षी व्हायोला, म्हणजे जरा थोरलं, खालच्या आवाजाचं व्हायोलिन, वाजवणाऱ्यानं स्वतःची पहिली रचना तिच्या टेबलावर आणून ठेवली.

"घाई नाही गं ताई," तो म्हणाला, "पण जिवापाड जपून लिहिलंय. तुझ्याशिवाय कोणाच्या हातात द्यायचा धीर होईना."

गेली चार वर्षं मधल्या सुट्टीत तो तिच्या खोलीत येऊन बसायचा. तिच्या पेन्सिलींना टोक काढून द्यायचा, संचालकांच्या नकला करून तिला हसवायचा. "तुझ्याइतकं मला कोणी ओळखत नाही, ताई," असं म्हणायचा. त्या 'ताई'नं दार लावलेलं होतं आणि वर कडीही घातलेली होती. शाईताई दाराच्या अलीकडे मुकाट बसून राहिली होती.

तिनं बाड उघडलं. वर कोणाचं नाव नव्हतं, पण उतरवणाऱ्यापासून काही लपत नाही. पाचव्या पानाला येईपर्यंत तिला सगळं उमगलं. जे जे सुंदर होतं ते बासरीला दिलेलं होतं. बाकीच्यांनी नुसता गालिचा अंथरायचा आणि बासरीनं त्यावरून चालत यायचं. दोन वर्षांपूर्वी नव्यानं आलेली बासरीवाली दिसायला साधी होती, पण वाजवायला लागली की माणसं खोकायची विसरत.

तिनं ते पान पुन्हा एकदा वाचलं. पण हात थांबला नाही; तशी सवयच नव्हती त्याला.

चौथ्या दिवशी तो विचारायला आला, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. "एक सांगू? राग मानू नका. ही बासरी एकटीच बोलतेय. तिला कोणी उत्तरच देत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे प्रेम नाही, ही आरती ओवाळणं झालं. तिचं काही ऐकून घेणारं कोणी नको का?"

तो फणकाऱ्यानं बाड उचलून घेऊन गेला. आठवडाभर फिरकला नाही. आला तेव्हा डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. मधल्या भागात बासरीला त्यानं व्हायोलाचं उत्तर लिहिलं होतं, आणि ते इतकं साधं, इतकं लाजरं होतं की शाईताईला वाचता वाचताच दोनदा चष्मा पुसावा लागला.

सगळ्यात शेवटी उरली डबल बासची, माणसाहून उंच अशा त्या खर्जातल्या तंतुवाद्याची, पानं. बास वाजवणाऱ्याला वाद्यवृंदात 'खांब' म्हणत, कारण तो उंच होता, मागच्या कोपऱ्यात उभा असायचा आणि कोणाशी फार बोलायचा नाही. या मधल्या भागात त्याला काहीच काम नव्हतं. मात्रांची सलग एकशे बारा घरं रिकामी, आणि त्यानंतर एक खोल, लांब स्वर. रीत अशी की एक जाड रेघ ओढायची, वर '११२' आकडा घालायचा, की झालं. मोजण्याची जबाबदारी त्याची. फार तर शेवटच्या चार घरांत दुसऱ्या वाद्याचे स्वर बारीक अक्षरात लिहून द्यायचे, म्हणजे आपली वेळ आली हे त्याला कळतं.

तिनं चार घरं लिहिली. मग त्याच्या आधीची चार. मग कोण जाणे काय झालं, तिनं नवीन पान घेतलं आणि बासरी न् व्हायोलाचा सगळा संवाद, एकशे बाराच्या एकशे बारा घरं, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात उतरवून काढला. ही सुरावट एकदा तरी कोणाला तरी आपण होऊन द्यावी, असं तिला वाटलं असावं. खांबाचेच हात तेवढे रिकामे होते.

पहिल्या तालमीनंतर खांब जिन्याखाली वाकून आत आला, तरी डोकं आपटलंच.

"शाईताई, माझ्या पानावर चूक झालीय का? हे सगळं मी वाजवायचं नाही ना?"

"नाही. ते नुसतं वाचायला आहे."

"कशाला?"

"तुम्ही तिथे उभे असता म्हणून," ती म्हणाली, आणि उगीचच दौतीचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

त्यानं डोकं चोळलं. "बावीस वर्षं मी आकडे मोजतोय," तो म्हणाला. "पुढे काय चाललंय ते आज पहिल्यांदा ऐकलं."

कार्यक्रम झाला. बासरीवालीनं जीव ओतला. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी व्हायोलावाल्यानं तिला मनातलं सांगितलं. तिनं त्याचा हात हातात घेऊन, अगदी मायेनं, आपलं लग्न आधीच ठरल्याचं सांगितलं. सहा महिन्यांनी ती दुसऱ्या शहरातल्या वाद्यवृंदात निघून गेली.

तो शाईताईच्या खोलीत येऊन ढसाढसा रडला. तिनं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की दुखरा दात जिभेनं चाचपायला जावं आणि तिथे दातच नसावा, तसं आपलं झालंय.

खांब मात्र रोज यायला लागला. कधी पान फाटलं म्हणून, कधी अक्षर लागत नाही म्हणून. तिचं अक्षर छापल्यासारखं आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. महिन्याभरानं तो दारातच उभा राहिला.

"मला एक अडचण आहे. मी तुम्हाला ताई म्हणतो."

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यांचं सगळ्यांपाशी. मी आजपासून नाही म्हणणार."

"मग काय म्हणणार?"

त्यानं याचा विचारच केला नव्हता. कान लाल झाले. "नुसतं शाई म्हटलं तर चालेल?"

चाललं. सत्तावीस वर्षं चाललं. दोन खोल्यांच्या घरात खिडकीपाशी बास उभा असे. पाहुण्यांना ती सांगे, "ही माझी सवत. माझ्या आधीपासूनची, जागाही तिलाच चांगली." पुढे पानं यंत्रावर छापून यायला लागली, जिन्याखालच्या खोलीत झाडू-बादल्या आल्या. तिनं फार मनाला लावून घेतलं नाही. त्याची बोटं आखडू लागली तेव्हा मात्र ती रोज रात्री तेल कोमट करून चोळून देऊ लागली.

बास त्यांनी संगीत शाळेला दिला. चार माणसांनी तो जिन्यावरून उतरवला. प्रत्येक वळणावर खांब "सांभाळून, सांभाळून" म्हणत राहिला, आणि ती माणसं गेल्यावर बराच वेळ खिडकीपाशीच्या रिकाम्या जागेकडे पाहत बसला. आठवड्याभरानं शाईनं तिथे एक लहान टेबल आणून टाकलं.

एका सकाळी तो चहा घेऊन आला तर ती लिहीत होती. समोर उतरवायला काहीच नव्हतं.

"कोणाचं आहे हे?"

"माझं."

तो चष्मा शोधायला गेला. परत येईपर्यंत तिनं दोन स्वर खोडून तिसरा लिहिला होता. "कोणासाठी लिहितेस?" त्यानं कागदावर वाकत विचारलं.

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली. "सरक जरा, उजेड अडतोय."