शिवणयंत्राची कोंबडी

चाकणच्या कंपनीत माझं काम सुटे भाग तपासून नापास करण्याचं. नापास मालावर लाल रंग मारायचा, मग तो भंगारात जातो. कंपनीतून साधा खिळाही बाहेर नेता येत नाही, म्हणून तसलाच माल मी घराजवळच्या भंगारवाल्याकडून आणतो आणि त्याचे प्राणी, सायकलस्वार, वाजंत्री बनवतो. दिवसभर ज्याला नावं ठेवायची, त्यालाच संध्याकाळी डोक्यावर घ्यायचं, असं बायको म्हणते. चुकीचं काही म्हणत नाही.

घर दोन खोल्यांचं. त्यामुळे नियम ठरला: वस्तू करायची, फोटो काढायचा, मोडायची, भंगार परत द्यायचं. फोटोला जागा लागत नाही आणि त्यावर धूळही बसत नाही. कंपनीच्या गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. घरी येऊन तो सोलला की माझी शिफ्ट सुटली.

आईची शिवणाची मशीन खिडकीत होती. बीडहून इकडे आल्यापासून तिनं त्या मशीनवर कामगारांचे गणवेश दुरुस्त केले, शेजारणींचे ब्लाउज शिवले. उजेड तिथंच चांगला, म्हणून माझ्या वस्तू मी मशीनच्या फळीवर मांडून फोटो काढायचो. पुढे आईचे गुडघे गेले, मशीनचंही आतलं काहीतरी मोडलं. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले.

"दे भंगारात," आई म्हणाली. "दोघी सारख्याच झालो."

देण्याआधी मी मशीनची कोंबडी केली. चाकाची शेपटी, सुईच्या दांड्याची चोच, पायाखालच्या जाळीचे पंख. झकास जमली होती. फोटो काढले, मोडली, देऊन टाकली. नियम म्हणजे नियम.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या लोखंडाची पूजा होते. स्कूटर, विळी, माझे पाने, कुणाला वगळत नाहीत. पहिलं कुंकू मात्र दरवर्षी मशीनला. त्या सकाळी आई सवयीनं ताट घेऊन खिडकीपाशी गेली आणि रिकाम्या जागेसमोर तशीच उभी राहिली.

"फोटो असंल ना तुझ्याकडं?" तिनं विचारलं.

मी ऐटीत कोंबडी दाखवली.

"कोंबडीला काय करू? माझी मशीन दाव."

मी शोधत बसलो. शेकडो फोटो होते, मशीनचा एकही नव्हता. मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. भंगारात दे म्हणून तिनंच तर सांगितलं होतं. मग लक्षात आलं, की जवळजवळ प्रत्येक फोटोत मशीन होतीच. फोटो नीटनेटका दिसावा म्हणून मीच दर वेळी कडा कापून तिला बाहेर काढलं होतं.

मोबाइल मूळ फोटो सांभाळून ठेवतो. स्पार्क प्लगच्या सायकलस्वाराचा फोटो उघडला आणि कापलेलं पूर्ववत केलं. खालून फळी आली, उजवीकडून चाक आलं. चाकापलीकडून आई आली. उसवलेली पँट हातात धरून ती उभी होती, माझं कधी आटपतंय याची वाट बघत.

आईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन निरखून पाहिला.

"किती येळ उभी करायचास रे," ती म्हणाली, आणि चाक होतं तिथं मोबाइलच्या काचेवर कुंकू लावलं.