कॅनडाला मागे टाकलं, पण रोहनला नाही

मंडळी, आज दुपारी लालबागला आमच्या खोलीत झालेला प्रकार सांगतो. अजून राग गेलेला नाही.

माझा मावसभाऊ रोहन कॅनडाहून आलाय. माझ्यापेक्षा वर्षाने लहान. तो येणार म्हणून आईने रोजचं दूध सोडून म्हशीचं घट्ट दूध आणलं. तो तिकडच्या मॉलचं सांगत होता आणि आई डोळे मोठे करून ऐकत होती.

मी तयारीत होतो. शिक्षण दहावीपर्यंतच, पण भारत आणि कॅनडा, प्रत्येक देशातले सगळे लोक मिळून दरवर्षी किती खर्च करतात, त्याचा आलेख मी नेटवर शोधून ठेवला होता. दोनदा तपासूनही घेतला होता. मोबाइल त्याच्यापुढे धरला. "बघ, आपली रेषा तुमच्याही वर गेली."

रोहन हसला. "अरे, डोकी किती ते बघ की! तुमचा अख्खा मजला मिळून समोरच्या टॉवरमधल्या एका घरापेक्षा जास्त दूध घेतो. म्हणून तुम्ही श्रीमंत झालात का? माणशी काढ."

आईपण हसली. "मावशी, चहा मस्त," तो म्हणाला, तर तिने उरलेला सगळा त्याच्याच कपात ओतला.

माणशी खर्चाचा आलेख मी आत्ता पाहिला. दोन्ही रेषा चढतायत, पण त्यांची फार वर आहे. त्याचं बरोबर होतं, याचाच जास्त त्रास होतोय.

आज आमच्या घरचाही खर्च वाढला. पण घट्ट दूध कोणाच्या वाट्याला आलं? तुमच्याकडे घरच्या माणसासाठी येतं का असं दूध?