आत्याची भिंत

माझी आत्या पेशींच्या आतल्या बिनभिंतीच्या खोल्यांवर संशोधन करते, आणि घरात एक भिंत हवी म्हणून लग्न झाल्यापासून सगळ्यांचं डोकं खाते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या घरातच आहे.

तिचं घर, जिथे मी शिकायला राहतो, म्हणजे एक लांबलचक हॉल. पूर्वी तिथे छापखाना होता, त्यामुळे आत भिंत नावाची गोष्टच नाही. एका टोकाला ओटा, दुसऱ्या टोकाला कपाटं, आणि खिडकीशी मोठीआईची खाट. मोठीआई म्हणजे आत्याच्या सासूबाई. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तिच्या खाटेभोवती माणसं नाहीत असं मी कधी पाहिलं नाही. आत्याची लेक केसांचा गुंता सोडवून घ्यायला येणार, शेजारची शिंपीण बटणं निवडून घ्यायला, आणि काका, म्हणजे आत्याचा नवरा, डोक्यावरचा चष्मा शोधायला. एक उठलं की दुसरं टेकतं.

या गोंगाटात आत्या कानात कापूस घालून काम करायची आणि मधूनच ओरडायची, "या घराला भिंत असती तर मी कुठल्या कुठे पोचले असते!"

एकदा तिने मला प्रयोगशाळेत नेलं होतं.

"शाळेत काय शिकलास? पेशीतल्या प्रत्येक खोलीला पातळ पडदा असतो, हो ना?"

"हो."

"अर्धवट शिकलास. काही खोल्यांना पडदाच नसतो. एकमेकांना धरून राहणारे रेणू गोळा होतात आणि त्यांचा थेंब बनतो, पाण्यात तेलाचा बनतो तसा. दोन थेंब टेकले की एक होतात. रेणू सारखे आत-बाहेर करतात, पण थेंब जागेवर."

संगणकाच्या पडद्यावर हिरवे चमकणारे थेंब दिसत होते. तिने लेसरने एका थेंबाचा अर्धा भाग विझवला. बघता बघता तिथे पुन्हा हिरवं पसरलं.

"भरलं ना? म्हणजे आत अजून वाहतंय. नाही भरलं तर समजायचं, थेंब घट्ट झाला. ते लक्षण बरं नाही."

मला रविवारी आरामखुर्चीत पडलेले काका आठवले.

आता खरी अडचण. आत्याची नोकरी कितीतरी वर्षं कंत्राटावर होती. कायम होण्यासाठीच्या मागच्या मुलाखतीत एका टकल्या परीक्षकाने विचारलं होतं, "पडदा नाही, मग आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरवतं कोण?" आणि आयुष्यात पहिल्यांदा आत्याची बोबडी वळली होती. यंदा पुन्हा मुलाखत होती. यंदा हुकलं की कंत्राट संपलं. तिने थेंबात ज्यांची सगळ्यात जास्त गर्दी होती ते रेणू एकेक करून काढून पाहिले होते, तरी थेंब ढिम्म हलत नव्हते. तिला विचार करायला शांतता हवी होती, म्हणून शेवटी सुतार आला. त्याने हॉलच्या कोपऱ्यात प्लायवूडची खोली उभी केली, तिला दार लावलं.

"आत कुणीही यायचं नाही," आत्याने बजावलं आणि दार ओढून घेतलं.

थोड्या वेळाने मोठीआईने दार ढकललं. "आत उकडत असेल गं तुला. मी नुसती बसते, एक शब्द बोलणार नाही."

शब्दाची पक्की, एक अक्षर बोलली नाही. पण आत्याची लेक कंगवा घेऊन आली. तिच्यामागून शिंपीण बटणांचा डबा घेऊन आली. काका म्हणाले, "बाहेर करमत नाही," आणि टेबलावरच बसले. कडी बसवायला थांबलेला सुतारसुद्धा चहाचा कप घेऊन आत शिरला. खोलीत मुंगी शिरायला जागा राहिली नाही.

"निदान मला तरी बाहेर जाऊ द्या!" आत्या किंचाळली आणि लॅपटॉप उचलून बाहेर आली.

हॉलमध्ये मी सोडून चिटपाखरू नव्हतं. आयुष्यभर मागितलेली शांतता तिला मिळाली होती. ती बसली, उठली, परत बसली. मग खिडकीशी जाऊन रिकाम्या खाटेकडे बघत राहिली.

"खाट तीच, खिडकी तीच, वारा तोच. मग इथे कुणी का नाही रे?"

"मोठीआई आत आहे म्हणून," मी म्हणालो. यात न कळण्यासारखं काय होतं?

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. "गर्दी कुणाची आहे तेच मी मोजत बसले! सगळ्यांनी धरलंय कुणाला, ते बघायला नको होतं?" तिच्या थेंबात बाकी सगळे ज्याला धरून होते तो एक रेणू इतका थोडा होता की तिने त्याला खिजगणतीतही धरलं नव्हतं. तिने चपला घातल्या, एक माझी आणि एक तिची, आणि प्रयोगशाळा गाठली. तो रेणू काढला आणि सगळे थेंब विरून गेले.

मुलाखतीला तोच टकल्या. प्रश्नही तोच. "ठरवतं कोण?"

कितीतरी दिवस धड न झोपलेली आत्या म्हणाली, "सासूबाई."

मग तिने चित्रं दाखवली आणि नीट समजावून सांगितलं. आठवड्याने कायमच्या नोकरीचं पत्र आलं.

त्या संध्याकाळी खाटेभोवती आम्ही सगळे जमलो होतो. मोठीआईने मटार सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तो एक काढला की बाकीचे पांगतात?"

"पांगतात, आई."

"मग मी गेल्यावर गं?"

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तो प्रयोग मला करायचा नाही," आत्या म्हणाली. कानात घालायचा कापूस उचलून तिने खिडकीबाहेर टाकला आणि आम्हाला ढकलत खाटेवर स्वतःसाठी जागा केली. मोठीआईने थोडं सरकून तिच्या ओंजळीत मटार ठेवले.