दंडावरचा पट्टा

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, तो सुमनआत्यामुळे. ती गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. तिनेच मला शिकवलं.

काल आमच्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत रक्तदाब तपासायला एक नर्स आल्या होत्या. रांगेत माझ्यापुढे सोबत अभ्यास करणारा महेश बसला होता. त्याच्या दंडावरचा पट्टा फुगत गेला आणि आकडा पाहून नर्स गंभीर झाल्या.

“सकाळपासून काय खाल्लंस?”

“चहा. आणि फरसाण.”

“झोप?”

“ती परीक्षेनंतर!” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

नर्सनी त्याला थोडा वेळ शांत बसवून पुन्हा मोजलं. आकडा चढाच होता. महेश हळूच म्हणाला, “मॅडम, घरी नका ना कळवू.”

आमच्याकडे जागा ठरलेल्या नसतात. जो जेवायला उठला, त्याची खुर्ची गेली. म्हणून आम्ही खुर्चीतच खातो, खुर्चीतच डुलकी काढतो. घरच्यांनी आपल्यासाठी खस्ता खाल्ल्या, मग आपण तहानभूक मारणं म्हणजे त्यांच्या कष्टांना साथ देणं, असं वाटत राहतं. खरं तर घरून असं कुणी मागितलेलं नसतं.

महेशनंतर मी माझा दंड पुढे केला. माझाही आकडा चढाच निघाला.

संध्याकाळी पत्र टाकलं:

“आत्या, फोनवर रोज ‘जेवलो’ म्हणतो ते खोटं असतं. तुझा आवाज ऐकला की खरं सांगवत नाही, म्हणून लिहितोय. माझा रक्तदाब वाढलाय. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणार आहेत. उद्यापासून दुपारी खुर्ची सोडून मेसमध्ये जेवायला जाईन. यंदा पास नाही झालो तर रागावशील का?”