धाकटीनं काढलेला ढाळ

धाकटी शिकली, ऑफिसात लागली, पंख्याखाली खुर्ची मिळाली. पण जीव काही रमेना. ऑफिसात फरशी बदलायला मिस्त्री आला, तर ही डबा खायचा विसरून त्याच्याजवळ उकिडवी बसून बघत राहायची. एक दिवस म्हणाली, "मिस्त्रीकाका, मला शिकवाल?"

तो हसला. "आधी नखं कापून या, बाई."

सहा महिने सुट्टीच्या दिवशी त्याच्या हाताखाली राबली, आणि नोकरी सोडून घरी आली. आईनं कपाळाला हात लावला. "अगं, लोक चिखलातून खुर्चीत जातात, तू खुर्चीतून चिखलात?" बाबांनी समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी आईनंच अट घातली. "आपली मोरी नवी करून दाखव. पाणी तुंबलं नाही तर खुशाल फरश्या लाव. तुंबलं, तर मुकाट्यानं साहेबाला फोन करायचा."

अट काही उगीच नव्हती. अंघोळ कुणीही करो, मागनं खराट्यानं पाणी जाळीकडे ढकलायचं ते आईनंच. तीस वर्षं. दोन गवंडी हात टेकून गेले होते.

पाच दिवस सगळ्यांनी शेजारच्या काकूंकडे अंघोळी केल्या. मग आईनं बादली उपडी केली. पाणी सरसर जाळीत गेलं, आणि कोपऱ्यात तळहाताएवढं राहिलंच.

"एवढं चालतं," बाबा म्हणाले. "वाळेल आपोआप."

आईनं सवयीनं खराटा उचलला. जिंकली होती ना ती!

"चालतं चालतं म्हणून तर आईची कंबर गेली," धाकटी म्हणाली, आणि छिन्नी घेऊन स्वतःच बसवलेल्या चार फरश्या फोडल्या. आई दारातून बघत राहिली. पोरगी फरशी बसवायची, गाल जमिनीला टेकवून ढाळ बघायची, उचलायची, परत बसवायची. जेवायला हाक मारली तर नुसतं "हं." परीक्षेलासुद्धा ही अशी कधी बसली नव्हती.

दोन दिवस सुकू दिलं. आईनं बादली ओतली, मग दुसरी ओतली. थेंब राहिला नाही. आई खराटा धरून नुसतीच उभी.

"आता मी इथं करू तरी काय गं?"

"काही नको. बस."

तेवढ्यात काकूंनी डोकावलं. "आमचीही मोरी तुंबते हो. पोरगी मोकळी असेल तर—"

"मोकळी कुठली!" आई फणकारली. "आधी माझा ओटा व्हायचाय. मग तुमचा नंबर."