शेखररावांचा स्वच्छ इतिहास

शेखर गायधनींच्या दारात चपला रांगेत लागल्या नाहीत तर पाहुण्याला चहा उशिरा मिळतो. नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस; तिथे वाया गेलेला कागदही नोंदीशिवाय हलत नसे. साठीत प्रोग्रामिंग शिकले आणि कोकणी-मराठी शब्दकोशाच्या मोफत अ‍ॅपचे प्रमुख होऊन बसले.

अ‍ॅपचं काम सगळ्यांना खुलं. ते कशावर ठेवायचं यावरून आठवडाभर खल झाला, शेवटी शेखररावांनी गिट गळी उतरवलं. कोणी, कधी, काय बदललं हे गिट लिहून ठेवतं. ज्याने त्याने आपापल्या ब्रँचवर, म्हणजे कामाच्या वेगळ्या प्रतीवर, काम करायचं, शेखररावांनी ते तपासून मुख्य कामात मिसळायचं. "नोंदींचा इतिहास कसा, इस्त्रीच्या शर्टासारखा हवा," हा त्यांचा हट्ट.

सुरगाण्याच्या ललिताने शब्द शोधायची सोय लिहिली. तिच्या नोंदी चाळीस: ‘जुळवलं’, ‘परत बिघडलं’, ‘आता बरं’. शेखररावांना तो पसारा बघवेना. त्यांनी सगळं गोळा करून एकच नोंद केली आणि तिची ब्रँच पुसली. नोंद पडली त्यांच्या नावावर. दिसलं होतं त्यांना. ‘नंतर बदलू’ म्हणाले. मग चार जणांनी पाठ थोपटली आणि ते नंतर राहूनच गेलं.

दोन महिन्यांनी ललिताचा फोन आला. "काका, मुलाखतीत माझं काम दाखवायला गेले, तर तिथं मी कुठंच नाय."

"काहीतरी तांत्रिक असेल गं. बघतो."

फोन ठेवला तर समोर उज्वलाताई भाजी निवडत. "तांत्रिक म्हणजे तुम्हीच ना?" बायको ती, तिच्यापासून काय लपणार?

दोन दिवस घास गोड लागेना. त्या चाळीस नोंदी आता फक्त ललिताच्या लॅपटॉपवर. मागायच्या तर आधी कबुली द्यायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

 मग ललिता म्हणाली, "ब्रँच हाय माझ्याकडं. पाठवते." रागावली असती तर सोसलं असतं.

चाळीसही नोंदी तिच्या नावाने परत लागल्या, ‘परत बिघडलं’सकट. खाली शेखररावांनी लिहिलं: ‘ललिताचं काम मी माझ्या नावावर घातलं होतं.’ ललिताची मुलाखत घेणाऱ्या कंपनीलाही तसंच पत्र धाडलं.

आता दर सोमवारी ते ललिताला विचारतात, "कळवलं का गं त्यांनी?"

"नाय काका."

मग दारातल्या चपला कशाही पडलेल्या असोत, शेखरराव ओलांडून आत जातात.